2023 सालच्या पर्यावरणाच्या घटना: यादी कशी करावी, काय वगळावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात शिकवणाऱ्या बाईंना नववीच्या मुलांकडून ‘एका वर्षातल्या जगभरच्या पर्यावरणविषयक घटना’ हा प्रकल्प करून घ्यायचा आहे. वर्ष ठरलंय 2023. इंटरनेटवरच्या प्रत्येक यादीत वेगळ्याच घटना आहेत आणि मुलं त्या जशाच्या तशा उतरवून आणतात. यातल्या खरोखर महत्त्वाच्या कोणत्या आणि आपल्या मुलांना त्या कशा समजावून द्यायच्या?

बाई, वर्ष चांगलं निवडलंत. माझी उमेदीची वर्षं गोव्यातल्याच सत्तरी तालुक्याच्या रानात गेली, आधी नोकरीत आणि पुढे हौसेने, त्यामुळे मी जरा रानाच्या बाजूनेच बोलणार हे गृहीत धरा. यादी कितीही लांब होऊ दे, तिच्यातल्या प्रत्येक घटनेला मुलांनी दोन प्रश्न विचारावेत. ती घडायच्या आधी त्या जागी काय होऊन बसलं होतं? आणि ती घडल्यावर कुणाला काय करणं भाग पडलं? दोन्हींची उत्तरं सापडली तर घटना ठेवा. एकाचंही सापडलं नाही तर काढून टाका, मग ती सगळ्या पेपरांत पहिल्या पानावर का आलेली असेना.

तापमानाचं आधी उरकून घेऊ. 2023 हे तोवरचं सगळ्यात उष्ण वर्ष ठरलं. युरोपच्या कोपर्निकस हवामान सेवेच्या हिशेबाने पृथ्वीचं सरासरी तापमान 14.98 अंश सेल्सियस होतं, म्हणजे 1850 ते 1900 या काळापेक्षा 1.48 अंश जास्त. जूनमध्ये अल निनो, म्हणजे पॅसिफिक महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापण्याची अवस्था, सुरू झाल्याची घोषणा झाली. आपल्या देशात 1901 पासूनच्या नोंदींत इतका तापलेला फेब्रुवारी नव्हता आणि इतका कोरडा ऑगस्टही नव्हता; त्या ऑगस्टात देशभर 36 टक्के पाऊस कमी पडला. पुढच्याच वर्षी, 2024 ला, उष्णतेचा विक्रम पुन्हा मोडला. हे सगळं तक्त्यात एका ओळीत लिहून टाका. 1.48 या आकड्याने नववीच्या मुलाच्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही, म्हणून त्यांना सरळ आगीकडे न्या.

सत्तरीतल्या म्हादई अभयारण्यातली आग मार्च 2023 च्या पहिल्या आठवड्यात साट्रेच्या बाजूला दिसली आणि मग जवळजवळ दोन आठवडे रानात ठिकठिकाणी आगी लागत राहिल्या. नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं मोठ्या बादल्या लटकवून वरून पाणी ओतत होती. त्याचे व्हिडिओ घराघरांत पोचले आणि मुलांना आठवत असेल ते तेवढंच. खालची आग त्या व्हिडिओंत दिसत नाही. आपल्या सदाहरित, निमसदाहरित रानातली आग सहसा शेंड्यांवरून धावत नाही, ती पालापाचोळ्यातून सरकते. गुडघाभर उंच, बऱ्याचदा त्याहूनही कमी. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, ही कसली आग! पण तिच्या वाटेत पावसाळ्यात रुजलेली सगळी रोपं असतात, सरपटणारे जीव असतात, जमिनीवरची घरटी असतात. पोकळ झालेलं जुनं झाड मध्ये आलं तर विस्तव बुंध्यातून आत शिरतो, बाहेरचं सगळं विझल्यावरही आत धुमसत राहतो आणि दोन-चार दिवसांनी वरच्या ढोलीतून धूर यायला लागतो. मग तेच झाड कोसळतं आणि निखारे साफ केलेल्या पट्ट्यापलीकडे उडतात. वरून ओतलेल्या पाण्यातलं बरंचसं पानांच्या दाटीतच अडतं. म्हणून शेवटी आग विझवतात ती माणसंच: हिरव्या फांद्यांनी झोडपून, लीफ ब्लोअरने पाला मागे सारून, पट्टा मोकळा करून.

तो पट्टा म्हणजे जाळरेषा. ती उन्हाळा लागायच्या आधी साफ करायची असते, आणि साफ केल्यावरही वरून पानं गळतच असतात, म्हणून पुन्हा करायची असते. त्या कामाचे फोटो कुणी काढत नाही. मार्चमध्ये गार्डला आगीपर्यंत पोचायला वाट आहे का, त्याच्या हाताखाली किती माणसं आहेत, हे सगळं डिसेंबरातच ठरून गेलेलं असतं.

आग कुणी लावली यावर तेव्हा गावोगाव वाद झाले. मी त्यात पडत नाही, कारण एवढ्या सगळ्या आगींना एकच कारण असेल असं मला वाटत नाही. मुलांना मात्र एक गोष्ट त्यांच्याच घरात विचारता येईल. काजूच्या बागायतीत हंगामाआधी झाडाखालचं गवत-झुडूप कापून जाळायची रीत आहे. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, पडला की दिसला पाहिजे. एरवी ही आग बागायतीच्या कडेला जाऊन मरते, कारण पलीकडचं रान ओलसर असतं. 2023 चा फेब्रुवारी असा तापलेला की पाला हातात घेतला तर चुरा व्हायचा. काडी ओढणारा हात तोच, पण रान वेगळं झालेलं. उष्णतेचा आकडा कळतो तो असा.

आता त्याच वर्षी 8 ऑगस्टला हवाई बेटांतल्या माउईवर लहायना शहर जळालं, ते याच्या शेजारी ठेवा. शंभराच्या आसपास माणसं गेली. बातम्या हवामानबदलावर भर देत होत्या आणि दक्षिणेकडून गेलेल्या चक्रीवादळामुळे वारा भयंकर होता हेही खरं. पण शहराच्या वरच्या उतारावर पूर्वी उसाचे मळे होते. मळे बंद पडले, जमीन पडीक राहिली आणि बाहेरून आणलेलं गिनी गवत तिथे माजलं. पुढे झालेल्या तपासात ठिणगी तुटून पडलेल्या विजेच्या तारांची निघाली. म्हणजे वारा, तार आणि गवत. यातलं गवत वीसेक वर्षं वाढत होतं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आपल्याकडे पडीक टाकलेल्या बागायती मुलांना दाखवा, वेगळं स्पष्टीकरण लागणार नाही.

कॅनडा मात्र या चौकटीत बसत नाही, आणि ते बसत नाही हेही मुलांना सांगा. तिथे त्या वर्षी दीड कोटी हेक्टरांहून जास्त रान जळलं. गोव्याचं क्षेत्रफळ 3,702 चौरस किलोमीटर, म्हणजे चाळीस गोवे. जूनमध्ये त्या धुराने न्यूयॉर्कचं आकाश नारिंगी झालं, ऑगस्टमध्ये यलोनाइफ हे वीस हजार वस्तीचं शहर रिकामं करावं लागलं. जळालेल्या क्षेत्रापैकी बहुतेक ठिकाणी आग विजेने लागली होती, माणसांपासून लांब. तिथे काजूवाल्याला दोष देऊन सुटका नाही.

पुरांमध्ये दोनच घटना घ्या. डॅनियल वादळाने सप्टेंबरच्या सुरुवातीला ग्रीसमध्ये थैमान घातलं, मग ते भूमध्य समुद्र ओलांडून लिबियात शिरलं. 10 सप्टेंबरच्या रात्री डेर्ना शहराच्या वरची दोन धरणं फुटली आणि एरवी कोरड्या असणाऱ्या नदीपात्रातून आलेल्या लोंढ्याने शहराचा मधला भाग समुद्रात नेला. चार हजारांहून जास्त मृत्यूंची नोंद झाली, हजारो बेपत्ता राहिले. धरणं 1970 च्या दशकातली, देखभाल रखडलेली, देशात दोन सरकारं आणि दोघांचं एकमेकांशी भांडण. धोका आहे, धरणांकडे ताबडतोब लक्ष द्या, असं लिबियाच्याच एका जलतज्ज्ञाने 2022 मध्ये लिहून ठेवलं होतं. महिनाही झाला नाही तोच, 4 ऑक्टोबरच्या पहाटे, सिक्कीममध्ये दक्षिण ल्होनाक हे हिमतळं फुटलं आणि चुंगथांगचं तिस्ता-3 धरण वाहून गेलं. ते तळं फुगत चाललंय हे वर्षानुवर्षं उपग्रहचित्रांत दिसत होतं, त्यावर लिहिलंही गेलं होतं. दोन्हीकडे पाऊस-पाण्याने आपलं काम केलं. माहिती होती आणि ती ज्याच्या टेबलावर होती त्याच्या हातात काम करवून घ्यायची ताकद नव्हती, किंवा इच्छा नव्हती. अंजुणे धरण तुमच्या शाळेपासून फार लांब नाही. त्याची पाहणी कोण करतं, पाणी सोडण्याची सूचना खालच्या गावांना कशी मिळते, हे मुलांनी जलस्रोत खात्याला विचारून लिहिलं तर त्या पानाला मी सगळ्यात जास्त गुण देईन.

कागदावरच्या घटनांकडे येताना तारखांचा घोळ मुलं हमखास करतात. उदाहरणार्थ खुल्या समुद्राचा करार. काही याद्यांत तो 4 मार्चला ‘झाला’, काहींत 19 जूनला, काहींत 20 सप्टेंबरला. तिन्ही बरोबर आहेत. 4 मार्चला न्यूयॉर्कमध्ये मसुद्यावर एकमत झालं, 19 जूनला संयुक्त राष्ट्रांनी तो रीतसर स्वीकारला, 20 सप्टेंबरला सह्यांसाठी खुला झाला. लागू व्हायला 60 देशांनी मान्यता द्यायला हवी होती. तो आकडा सप्टेंबर 2025 मध्ये पूर्ण झाला आणि जानेवारी 2026 मध्ये करार अमलात आला. भारताने सही केली ती सप्टेंबर 2024 मध्ये. किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपलीकडचा समुद्र, म्हणजे एकूण महासागराचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग, कुठल्याच देशाच्या मालकीचा नाही. तिथे संरक्षित क्षेत्रं जाहीर करायची वाट या कराराने पहिल्यांदा उघडली. मोठी गोष्ट आहे, मी ती यादीत वरच ठेवीन.

पण त्याच पानावर आपल्या रापणकारांचं, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांचं, गाऱ्हाणं लिहायला लावा. एलईडी दिवे लावून मासेमारी करायला केंद्राने 2017 मध्येच बंदी घातली. हा 200 मैलांच्या आतला, आपल्याच देशाचा समुद्र. तरी रात्री किनाऱ्यावरून दिवे दिसतात अशी तक्रार पारंपरिक मच्छीमार दर हंगामात करतात. आपल्या हद्दीतला दिवा विझत नाही, तर कुणाच्याच नसलेल्या समुद्रात गस्त कोण घालणार, हा प्रश्न मुलांनीच विचारला पाहिजे. उत्तर अजून कुणाकडे नाही, पण उपग्रहावरून बोटींचा माग काढणं आता पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपं झालंय, एवढं नक्की.

जुलै 2023 चा एक आठवडा तर जणू तुमच्या प्रकल्पासाठीच आला होता. 22 तारखेला जी-20 देशांच्या ऊर्जामंत्र्यांची बैठक गोव्यात संपली. कोळसा-तेल-वायूचा वापर कमी करण्याच्या शब्दरचनेवर आणि 2030 पर्यंत अक्षय ऊर्जेची क्षमता तिप्पट करण्यावर एकमत होऊ शकलं नाही. सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या जाहीरनाम्यात तिपटीची गोष्ट आली, जीवाश्म इंधनाची टाळली गेली. 13 डिसेंबरला दुबईच्या हवामान परिषदेत अखेर जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याचं वाक्य आलं. इतक्या वर्षांच्या परिषदांमध्ये ते शब्द निर्णयाच्या मजकुरात पहिल्यांदा उमटले, तेही परिषदेचा अध्यक्ष तिथल्या सरकारी तेल कंपनीचा प्रमुख असताना. हवामानबदलाचा फटका बसलेल्या गरीब देशांसाठीचा हानी-नुकसान निधी परिषदेच्या पहिल्याच दिवशी मार्गी लागला. पण या निर्णयांत कुणालाही बांधील करणाऱ्या तारखा नाहीत, त्यामुळे माझ्या दुसऱ्या प्रश्नाला इथे अर्धंच उत्तर मिळतं. गोवा ते दुबई हा पाच महिन्यांचा प्रवास नकाशावर काढला तर मुलांना तो आवडेल.

त्या बैठकीनंतर दोनच दिवसांनी, 24 जुलैला, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने आदेश दिला: म्हादई अभयारण्य आणि लगतचं संरक्षित क्षेत्र तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करा, आणि रानातल्या लोकांचे वनहक्कांचे दावे एका वर्षात निकाली काढा. बहुतेक लोक पहिला भाग सांगतात आणि दुसरा विसरतात. सत्तरीत या विषयावर बोलताना दुसरा भाग आधी सांगावा लागतो, नाहीतर पुढचं कुणी ऐकून घेत नाही. जानेवारी 2020 मध्ये गोळावलीत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घातल्याने मेले. गुरं मारली गेली होती, त्याचा राग होता. ज्याची म्हैस जाते त्याला भरपाई वेळेवर मिळत नाही आणि ज्या जमिनीवर तो पिढ्यान् पिढ्या काजू काढतो ती त्याच्या नावावर नाही. अशा माणसाला ‘व्याघ्र प्रकल्प’ हा शब्द कसा ऐकू येत असेल? गोवा सरकार आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2023 संपलं तेव्हा अधिसूचना निघालेली नव्हती. त्याच वर्षी देशाच्या ‘प्रोजेक्ट टायगर’ या मोहिमेला 50 वर्षं झाली आणि देशातल्या वाघांचा अंदाज 3,682 वर गेला. मध्य प्रदेशातल्या कुनोमध्ये मात्र आफ्रिकेतून आणलेल्या 20 चित्त्यांपैकी सहा चित्ते ऑगस्टपर्यंत दगावले, शिवाय तिथे जन्मलेले तीन बछडेही.

प्राण्यांमधली माझी आवडती बातमी कझाकस्तानची आहे. सैगा नावाचं फुगीर नाकाचं हरीण 2005 च्या सुमाराला तिथे पन्नास हजारांच्याही खाली आलं होतं. 2015 मध्ये रोगाने दोन लाख जनावरं काही आठवड्यांत मेली. तरीही 2023 च्या गणनेत ती एकोणीस लाख भरली, आणि डिसेंबरमध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सैगाला ‘अत्यंत संकटग्रस्त’ या वर्गातून काढून थेट ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ या वर्गात आणलं. दोन वर्ग मध्ये वगळून! शिकारीवरची बंदी, माळावर प्रत्यक्ष फिरणारी गस्तीपथकं, मोठाल्या संरक्षित गवताळ जागा. यात चमत्कार काही नाही. आता संख्या इतकी वाढली की शेतकरी तक्रार करायला लागले, म्हणजे पुढचा अंक आपल्या ओळखीचा आहे.

ब्राझीलही याच ओळीत. 1 जानेवारी 2023 ला लुला पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले, मारिना सिल्वा पर्यावरणमंत्री झाल्या, निरीक्षकांना पुन्हा रानात पाठवलं गेलं, दंड आणि जप्त्या सुरू झाल्या. ऑगस्ट 2022 ते जुलै 2023 या वर्षात अमेझॉनमधली तोड 22 टक्क्यांनी घटून 9,001 चौरस किलोमीटरवर आली. कायदा नवा नव्हता, तो राबवणारी माणसं परत आली. पण शेजारच्या सेराडो या माळरानात तोड थोडी वाढलीच, हे कंसात टाकू नका, ठळक लिहा. आणि रान वाचलं तरी पाणी आटलं: ऑक्टोबरमध्ये मनाऊसला रिओ नेग्रो नदी 12.70 मीटरवर उतरली, तिथल्या नोंदी 1902 पासूनच्या आहेत आणि इतकी खाली ती तोवर कधी गेली नव्हती. तेफे तळ्याचं पाणी 39 अंशांवर तापलं आणि दीडशेहून जास्त नदीडॉल्फिन मेले. आपण अंघोळीला घेतो तसं कढत पाणी, आणि त्यातून बाहेर पडायला वाट नाही.

इक्वेडोरच्या लोकांनी 20 ऑगस्टला सार्वमत घेऊन यासुनी राष्ट्रीय उद्यानातलं तेल जमिनीतच ठेवायचं ठरवलं. साधारण 59 टक्के लोक बाजूने. वर्षभरात काम गुंडाळायचं होतं. मुदत संपली तेव्हा दोनशेहून जास्त विहिरींपैकी बंद व्हायला जेमतेम सुरुवात झाली होती. घटना खरी, मोठी, आणि अपुरी.

आता वगळायचं काय? फुकुशिमाचं पाणी मी खाली ढकलेन. 24 ऑगस्टला जपानने शुद्ध करून पातळ केलेलं पाणी समुद्रात सोडायला सुरुवात केली, चीनने जपानी मासळीवर बंदी घातली, आठवडाभर दुसरं काही छापून येत नव्हतं. त्या पाण्यात उरलेल्या ट्रिटियम या किरणोत्सारी द्रव्याचं प्रमाण ठरवून दिलेल्या मर्यादेच्या बरंच खाली होतं. व्यापार आणि राजकारणाची ती मोठी बातमी, पर्यावरणाची मध्यम. उल्लेख करा, अर्धं पान देऊ नका.

उलट, कुठल्याच परदेशी यादीत न सापडणारी एक घटना अर्ध्या पानाहून जास्त मागते. ऑगस्ट 2023 मध्ये संसदेने वन संवर्धन कायद्यात दुरुस्ती केली आणि 1 डिसेंबरपासून ती लागू झाली. कायद्याचं संरक्षण मुख्यतः सरकारी दप्तरात वन म्हणून नोंद असलेल्या जमिनीपुरतं राहील, अशी तिची रचना होती. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या गोदावर्मन निकालापासून शब्दकोशातल्या अर्थाने जे रान ते रान, असं धरलं जात होतं. फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन तूर्त तोच जुना अर्थ चालू ठेवायला सांगितलं. गोव्यात याला फार महत्त्व आहे, कारण आपल्याकडचं पुष्कळ रान खाजगी मालकीच्या जमिनीवर उभं आहे. ते ओळखायचे निकष ठरलेले आहेत: किमान 5 हेक्टर सलग क्षेत्र, 75 टक्के रानातल्या जातींची झाडं, आणि छत्राची घनता किमान 0.4, म्हणजे झाडांच्या शेंड्यांनी झाकलेली जागा निदान 40 टक्के. सावंत समिती, करापूरकर समिती, पुढे थॉमस आणि आरावजो समित्या, सगळ्यांनी सर्व्हे क्रमांकांच्या याद्या केल्या. त्यावर अजूनही भांडणं चालतात, कारण यादीत नाव आलं की जमिनीचा भाव पडतो.

मुलांच्या घरी एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा असतोच. त्यावरचा सर्व्हे क्रमांक खाजगी वनांच्या यादीत आहे का, एवढं पाहायला एक शनिवार पुरेल. याद्या बघायला वन खात्याच्या कार्यालयात जाल तेव्हा पालकांपैकी कुणाला तरी बरोबर घ्या आणि शाळेचं पत्र न्या, शिक्क्यासकट. आणि कुणाच्या घरची जमीन यादीत निघाली तर ती वर्गात जाहीर वाचून दाखवू नका.